किलोमागं पंधरा ग्रॅम

सोमशेखरला मुलगी झाली आणि कोल्हापुरातल्या घरी तिचं बारसं झालं, ते साल दोन हजार चार. महिना नोव्हेंबरचा. गुळाचा हंगाम नुकता सुरू झाला होता आणि त्याच आठवड्यात त्याचे वडील चनबसाप्पा यांनी पेढीवर नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. खाली पेढी, वर घर. शेतकऱ्यांचा गूळ यायचा, तोलला जायचा, सौद्यात विकला जायचा. चाळीस वर्षं हेच चाललेलं. चनबसाप्पांच्या मनात आलं, नव्या काट्यावर पहिलं माप गुळाचं नको, नातीचं होऊ दे. मग पितळेच्या परातीत दुपट्याची घडी घातली, तिच्यावर बाळाला, सुष्मिताला ठेवलं, आणि पेढीचा तोलाईदार पिराजी रोजच्यासारखा काट्याच्या डाव्या अंगाला उभा राहिला. लाल आकडे थोडे नाचले आणि थांबले. तीन पूर्णांक सहाशे पन्नास. सगळ्यांना दिसत होते. पिराजीनं मान वर केली आणि पस्तीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात पुकारलं, "तीन सहाशे."

चनबसाप्पा पोट धरून हसले. "पिराजी, माझ्या नातीचाबी कडता कापलास की रं." हमाल हसले, पावणे हसले, पिराजीनं जीभ चावली आणि तोही हसला. सोमशेखरही हसला, पण जरा उशिरा. रिंगणात न दिसलेला ठोसा लागतो तेव्हा आधी दुखत नाही, नुसतं नवल वाटतं, की अरे, हा आला कुठून. तसं त्याला झालं. त्यानं मुलीला उचलून विद्याश्रीकडे, बायकोकडे दिलं आणि तो गुळाच्या थप्पीला टेकून उभा राहिला. पाठीला रव्यांवरच्या, म्हणजे ढेपांवरच्या, गोणपाटाचा खरखरीत स्पर्श जाणवत होता. चार दिवसांवर सिकंदराबादची बॉक्सिंगची स्पर्धा होती, चौसष्ट किलोच्या आत बसायचं होतं, आणि सकाळी तो चौसष्ट आठशे भरला होता. दोन दिवस पालेभाजीच्या पाण्यावर काढले होते. अशा वेळी गुळाचा वास नाकात नव्हे, दातांत शिरतो. पण आता त्याला वासही येत नव्हता. तो मनात हिशेब करत होता.

कडता म्हणजे काय, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. गूळ ओला येतो, पुढं आटतो. घेणाऱ्याचं नुकसान नको म्हणून काटा दाखवील त्यातून थोडं सोडून आकडा पुकारायचा. किलोमागं पंधरा ग्रॅम. ते चांगलं की वाईट यावर पेठेत भांडणं झाली होती, पुढं ते बंदही झालं, पण पिराजीच्या जिभेला कुणी सांगितलं नव्हतं. किलोमागं पंधरा ग्रॅम, म्हणजे एक्कावन्न किलोमागं पाऊण किलो. पिराजीनं एकदा त्यालाही तोललं होतं आणि म्हटलं होतं, पन्नास नऊशे. पन्नास नऊशेत पाऊण किलो मिळवला तर एक्कावन्न साडेसहाशे. बारा वर्षं जे गणित सुटलं नव्हतं ते असं सरळ समोर येऊन बसलं, आणि बसल्यावर हलेना.

ते ब्याण्णव साल होतं. सोमशेखर अठरा वर्षांचा. सगळं गाव कुस्तीचं, आणि हा लिंगायत अडत्याचा पोरगा तालमीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाच्या भुशानं भरलेल्या पोत्यावर ठोसे मारायचा. तालमीतली पोरं विचारायची, "शेखर, अंडं खात न्हाईस, मटण खात न्हाईस, मग मारतोस कशावर?" तो म्हणायचा, "गुळावर." त्याला शिकवणारे सयाजी मास्तर फौजेतून हवालदार होऊन परतलेले. हातमोज्यांचे चार जोड, तेही फौजेतलेच, घामानं कडक झालेले. शेडमध्ये वजनाचा काटा नव्हता. म्हणून पुण्याच्या राज्य स्पर्धेला जायच्या आदल्या संध्याकाळी तो पेढीवरच्या जुन्या लोखंडी काट्यावर चढला होता, नुसत्या चड्डीवर. त्या काट्याची दांडी माणसाच्या पाठीमागं यायची. पितळी वजन सरकल्याचा आवाज त्याला ऐकू आला, दिसलं काही नाही. दीड दिवस पाणी नव्हतं, ओठ एकमेकांना चिकटत होते. "पन्नास नऊशे," पिराजी म्हणाला. शंभर ग्रॅम आत. त्या आकड्यानं त्याला इतका आनंद झाला होता की उघड्या अंगानं त्यानं पिराजीला मिठी मारली होती, आणि पिराजी म्हणाला होता, "आरं मालक, रव्यासारखं चिकटताय."

रात्रीच्या गाडीसाठी आईनं डबा दिला होता. ज्वारीची एक पातळ भाकरी आणि कांद्याची पात. मास्तरांनीच सांगितलं होतं, एक भाकरी चालंल. सकाळी पुण्यात वजन झालं तेव्हा काटा एक्कावन्न सहाशेवर उभा राहिला. पंचांनी एक तास दिला. तो प्लास्टिकचं इरलं पांघरून मैदानाला फेऱ्या मारत राहिला, थुंकत राहिला, थुंकायलाही काही उरलं नाही. तासानं एक्कावन्न तीनशे. एक्कावन्न किलोच्या गटातलं त्याचं नाव खोडलं गेलं. ती रेघ ओढताना पेनाचा झालेला आवाज त्याला पुढं कितीतरी वर्षं ऐकू यायचा, कुठंही, हुबळीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात. सयाजी मास्तर मात्र खिशात हात घालून उभे होते. म्हणाले, "चोपन्नला आपला कोण न्हाय. जागा मोकळी हाय. वजन म्हंजे काय जात न्हवं तुझी, तिकीट हाय. ज्या डब्याचं असंल त्या डब्यात बसायचं. जा, आदी पाणी पी."

ते पाणी त्याला आठवत होतं. नळाला तोंड लावून प्यालेलं, गळ्यातून छातीत, छातीतून पोटात उतरताना वाट दाखवत गेलेलं. नंतर सहा केळी. नंतर चोपन्न किलोच्या गटात, सगळ्यांत हलका म्हणून तो उभा राहिला आणि त्याला एक गोष्ट कळली. समोरचा मोठा होता, त्याचा ठोसा जड होता, पण तो निघाल्याचं आधी दिसत होतं. खांदा सांगत होता, मग हात येत होता. मधल्या जागेत सोमशेखर आरामात हलत होता, आणि हलता हलता त्याला हसू येत होतं. दातांतलं रबर दाखवत तो हसत होता म्हणून पंचांनी त्याला एकदा दटावलंही. दोन लढती जिंकून तिसरी हरला. कांस्य मिळालं. प्रेक्षकांत रेल्वेचे प्रशिक्षक बसले होते. त्यांनी मास्तरांना विचारलं, हा हसणारा कुठला. त्या विचारण्यातून पुढं दोन वर्षांनी हुबळीची नोकरी निघाली आणि ठोसे मारण्याचा महिन्याच्या महिन्याला पगार सुरू झाला.

पण पुण्याहून परतताना हे काही त्याला दिसत नव्हतं. गाडीत बसून तो एकच विचार चघळत होता. एक्कावन्नला सोनं होतं. सोनं आपलंच होतं. आदल्या दिवशी पन्नास नऊशे होतो. मधे खाल्लं काय, तर आईची भाकरी. घरी आल्यावर ओटीवर पावणे बसलेले होते, गडहिंग्लजचे मामा होते, आई ताट घेऊन आली आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अव्वा, तुझ्या हातचं खाल्लं आन् माझं वजन गेलं. काय घातलंतीस त्यात? पुन्हा माझ्या ताटाला हात लावू नगंस." आईनं, शांतव्वानं ताट तिथंच खाली ठेवलं आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं त्याला स्वतःच्या हातानं वाढलं नाही. रांधायची तीच. पातेली समोर आणून ठेवायची आणि म्हणायची, "घे तुझं तू." चनबसाप्पा वाढायचे, लग्न झाल्यावर विद्याश्री वाढू लागली. बाहेरच्यांना वाटायचं खेळाडूचा काही नियम असेल. त्यालाही पुढं पुढं तसंच वाटायला लागलं होतं. सवय ही अशी असते, ती लागल्यावर माणूस तिचं कारण शोधत नाही.

माणसं आपली वर्षं लक्षात ठेवतात. सोमशेखर किलो लक्षात ठेवायचा. चोपन्न म्हणजे रेल्वेचं वसतिगृह, वरचा पलंग, खिडकीतून येणारा इंजिनाचा धूर. तिथलं जेवण चांगलं होतं. त्या जेवणानं दोन वर्षांत त्याला सत्तावन्नवर नेलं. सत्तावन्न म्हणजे पाय. त्या वजनात त्याचे पाय इतके हलके होते की सकाळी धावताना आपण मागं राहिलो आणि पाय पुढं गेले असं वाटायचं. सत्तावन्नला राष्ट्रीय रौप्य मिळालं, नाकाचं हाड मोडलं, आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडून कन्नड पदं शिकून घेतली. साठ म्हणजे घर. साठ किलोत तो पाच वर्षं राहिला, आणि आपल्या घरात अंधारात जसं माणूस न ठेचाळता फिरतं तसा रिंगणात फिरला. अठ्ठ्याण्णव साली साठ किलोचं राष्ट्रीय सुवर्ण मिळालं. कोल्हापूर स्टेशनापासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, हलग्या कडाडत होत्या, तालमीतले पैलवान आपण होऊन आले होते. त्यांतल्या एका थोराड म्हाताऱ्यानं त्याला काखेत धरून पोरासारखं उचललं आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "आरं, येवढंसं तर हाय की हे. आन् देशाला भारी पडलं." त्या दिवसाइतका तो आयुष्यात कधी हसला नव्हता. गाल दुखत होते. दारात शांतव्वानं ओवाळलं, कपाळाला विभूती लावली, डोळे भरून आले तिचे. मग पेढ्यांचा पुडा उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि पुडा चनबसाप्पांच्या हातात दिला. "तुमी भरवा," म्हणाली. एवढ्या हलग्यांच्या गलक्यात त्याला तेवढं वाक्य स्पष्ट ऐकू आलं होतं. आलं आणि त्यानं ते बाजूला ठेवलं. बाजूला ठेवायला त्याच्याकडे तेव्हा भरपूर जागा होती.

नंतर साडेत्रेसष्ट. लग्न झालं, विद्याश्रीच्या हाताला चव होती, आणि तिशीकडे झुकलेलं शरीर आता सांगितलेलं ऐकत नव्हतं. मग नियमच बदलला, साडेत्रेसष्टचे चौसष्ट झाले. मास्तर म्हणाले, "बघ, सरकारनं तुला अर्धा किलो बक्षीस दिलं." एवढी वर्षं, एवढे डबे बदलले, आणि प्रत्येक डब्यात चढताना तो एक्कावन्नचं हुकलेलं सोनं बरोबर घेऊन चढला होता. हरला की म्हणायचा, पाया तिथं चुकला. जिंकला तरी म्हणायचा. आता थप्पीला टेकून तो बघत होता आणि त्याला वाटत होतं, एक्कावन्नला मी बसलो असतो तर सुकून चिपाड होऊन, जीभ कोरडी, पाय जड. पहिल्याच फेरीत कुणीतरी आडवा केला असता. रेल्वेचा माणूस चहा प्यायला बाहेर गेला असता. पिराजीनं पाऊण किलो कापला आणि तेवढ्या पाऊण किलोवर आपलं सगळं आयुष्य उभं राहिलं. हे त्याला इतकं गंमतीचं वाटलं की तो एकटाच फुस्सकन हसला. पण हसू संपायच्या आत त्याला ओटीवर खाली ठेवलेलं ते ताट दिसलं.

पिराजी नवा काटा फडक्यानं पुसत होता. सोमशेखर त्याच्याजवळ गेला. "पिराजीमामा, माणसालाबी कडता लावता व्हय?"

"हाताखाली आलं ते आलं," पिराजी म्हणाला. "माल काट्यावर चढला की जीभ आपसूक कापती. मागं बायकोला दवाखान्यात काट्यावर उभी केली, तिथंबी मी पुकारलं. नर्स म्हनली, आजोबा, गप बसा."

"मग मलाबी लावला असंल."

"असंल की. का ओ?"

पिराजी सत्तरीला आला होता. भुवयाही पांढऱ्या झालेल्या, त्यांत गुळाची भुकटी बसलेली. सोमशेखरच्या प्रत्येक पदकाच्या वेळी या माणसानं पेठेत खडीसाखर वाटली होती, आणि जो भेटेल त्याला सांगितलं होतं, की ह्याचं पहिलं वजन मी केलंय. सोमशेखरनं त्याच्या खांद्यावरची भुकटी झटकली. "काय न्हाय," म्हणाला, "सहज." आणि तो जिना चढू लागला. सोळा पायऱ्या होत्या. चार दिवसांवर वजन. आठशे ग्रॅम उतरवायचे. मास्तरांना शब्द दिला होता, की ही शेवटची स्पर्धा, आणि ही चौसष्टलाच, नीट, मान राखून.

वर स्वयंपाकघरात शांतव्वा एकटी तव्यापुढं बसली होती. बायका पाळण्याच्या खोलीत गाणी म्हणत होत्या. तव्यावर होळगी, म्हणजे पुरणपोळी, फुगत होती. पुरणाची आणि तुपाची वाफ दारापर्यंत येत होती, आणि दोन दिवस रिकाम्या पोटाच्या माणसाला ती वाफ म्हणजे उघड्या जबड्यावर बसलेला ठोसा. त्यानं पाट ओढला, कोपऱ्यातलं ताट घेतलं, पुढ्यात ठेवलं आणि मांडी घातली.

"अव्वा, वाढ."

तिनं वळून बघितलं. "विद्याला हाक मार. माझा तवा तापलाय."

"तू वाढ."

"चार दिसांवर तुझं वजन हाय. आन् मी वाढू? उद्या काय कमीजास्त झालं मंजी?"

तिनं ते सहज म्हटलं होतं, पण उलथनं हातात तसंच राहिलं. सोमशेखरनं सांगितलं. काटा, पिराजी, तीन सहाशे, किलोमागं पंधरा ग्रॅम, पन्नास नऊशे. घाईघाईनं सांगितलं, मधलं विसरला, मागं येऊन परत सांगितलं. "मी आदीच जास्त होतो अव्वा. पेढीवरच जास्त होतो. तुझ्या भाकरीचा काय दोष न्हवता. मी सगळ्यांदेखत बोललो तुला. बारा वर्षं झाली."

होळगी तव्यावर करपायला लागली. शांतव्वानं ती उतरवली, दुसरी घातली नाही. पदरानं तोंड पुसलं.

"घातलं होतं मी," ती म्हणाली.

"काय?"

"लोणी. भाकरी थापताना पिठात मळलं. गळ्याची हाडं वर आलती तुझ्या. दीड दिस पाणी न्हवतं पोटात. मला बघवंना. कुणाला दिसू नये म्हणून पिठातच घातलं."

सोमशेखर तिच्याकडे बघत राहिला. "किती?"

"एक चमचा." मग जरा थांबून, "दीड."

"दीड चमचा."

"तू आलास आन् म्हनलास काय घातलंतीस. म्या म्हनलं, ह्याला कळलं. माझ्यामुळंच गेलं सोनं पोराचं. म्हनलं ह्या हाताचा भरवसा न्हाय. पुन्यांदा ह्या हातानं काय तरी घालीन. म्हणून हात लावला न्हाय बाबा. राग न्हवता मला कसला."

"अव्वा, दीड चमचा लोणी म्हंजे वीस ग्रॅम. तीस. मी साडेसहाशे ग्रॅम जास्त होतो."

"मला काय ठावं? मी काय तोलाईदार हाय?"

त्याला हसू आलं. आधी छातीत आलं, मग खांद्यांत, मग आवरेना. त्यानं ताटावर कपाळ टेकलं आणि हसत राहिला. शांतव्वा म्हणाली, "हसतोस काय," आणि तिच्याही ओठांचे कोपरे हलले. मग तिनं पदर तोंडात धरला. दोघंही पाळणा म्हणणाऱ्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून दबून हसत होते, चोरून खाल्ल्यासारखे. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं हे बघायची त्याला गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत कुणीही खोटं बोललं नव्हतं आणि कुणालाच खरं ठाऊक नव्हतं. आत कुठंतरी एक घट्ट आवळलेली मूठ होती, ती बोटाबोटानं सुटत होती, आणि सुटल्यावर कळत होतं की ती एवढी वर्षं आवळलेली होती.

"पिराजीला सांगू नगंस," शांतव्वा म्हणाली. "म्हाताऱ्याला झोप यायची न्हाय."

"न्हाय सांगत. वाढ आता."

"आन् तुझं चौसष्ट?"

त्यानं विचार केला. खरोखरच केला. मास्तरांचा चेहरा, खोडलेल्या नावाची रेघ, शेवटची स्पर्धा. शरीराला विचारलं, तर शरीर सरळ तव्याकडे बघत होतं. "वरच्या डब्यात बसतो," तो म्हणाला.

शांतव्वानं हात धुतले. तव्यावर नवी होळगी टाकली, भाजून उचलली, त्याच्या ताटात घातली, घडी उलगडली, वर तूप ओतलं. तूप जास्त पडलं, आणि तिनं ते पडू दिलं. दुसरी वाढली. मग कटाची आमटी, मग भात, मग परत होळगी. तो खात होता. तोंडात गूळ होता, वेलची होती, आणि जिभेला चव इतक्या ठिकाणांहून येत होती की त्यानं डोळे मिटून घेतले. पाळण्याच्या खोलीतून कुणीतरी नाव पुकारलं आणि बायका हसल्या. "साकू, अव्वा," तो कन्नडात म्हणाला, पुरे. "साकू न्हाय," ती म्हणाली, आणि आणखी एक वाढली. विद्याश्री दारात येऊन उभी राहिली, ताटाकडे बघितलं, सासूच्या हाताकडे बघितलं आणि परत गेली.

सिकंदराबादला तो सहासष्ट दोनशे भरला. सयाजी मास्तर तेव्हा सत्तरीत होते, हट्टानं बरोबर आले होते. त्यांनी आकडा बघितला आणि विचारलं, "खाल्लंस?" तो म्हणाला, "अव्वानं वाढलं." मास्तर पंचांकडे जाऊन एकोणसत्तर किलोला रेल्वेचा कुणी नाही एवढी खात्री करून आले. पहिली लढत सोमशेखर गुणांवर जिंकला. दुसरीत पंजाबचा एक उंच पोरगा भेटला, दहा वर्षांनी लहान, आणि त्यानं तिसऱ्या फेरीत सोमशेखरला खाली बसवलं. आकडे मोजले जात असताना तो कॅनव्हासवर बसून हसत होता, मग उठला आणि शेवटपर्यंत उभा राहिला. तो पोरगा लढत संपल्यावर पाया पडला. पदक मिळालं नाही. पुढच्या वर्षी त्यानं रेल्वेच्या संघाला शिकवायचं काम घेतलं. दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला यायचा तेव्हा शांतव्वा वाढायची आणि तो नको म्हणायचा नाही. त्याचं वजन शहात्तर झालं, मग एक्क्याऐंशी.

पिराजी तोलाईदार दोन हजार सातच्या चैत्रात वारला. शांतव्वा ७ फेब्रुवारी २००९ ला, शनिवारी सकाळी, गडहिंग्लजला माहेरच्या घरी वारली. तिचं वय अडुसष्ट होतं.